सहाव्या जागेसाठी पंचवीस फेऱ्या

पहाटे पाचला विद्यापीठाच्या मैदानावर गेलं की दिसायचं काहीच नाही, आधी आवाज यायचे. एक धबधब, पन्नास-साठ पायांचा मिळून, चार फेऱ्यांत बंद पडणारा. तो भरतीवाल्यांचा. दुसरा बारीक, चपचप, एकसारखा, थांबायचं नावच न घेणारा. तो क्लबवाल्यांचा. जून 2018 मध्ये बी.ए.ला प्रवेश घेऊन मी औरंगाबादला आलो तेव्हा पहिल्या आवाजातला एक होतो. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण त्या दिवसांचं लिहायला बसलो की हात औरंगाबादच लिहितो.)

मी बीड जिल्ह्यातला, वडवणी तालुक्याचा. आमच्याकडं पोरगा बारावी झाला की त्याच्यापुढं दोनच वस्तू असतात, कोयता नाहीतर बूट. आई आणि अण्णा दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीसोबत कारखान्याला जायचे. मी बूट उचलले. सैन्यभरतीत तेव्हा 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले की 60 पैकी 60 मार्क. 400 मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. एवढं गणित पाठ होतं. पाचवी फेरी कशी असते ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं काही कारणही नव्हतं.

ती कळली चुकून. जुलैतली सकाळ, भुरभुर चालू. मी उशिरा पोचलो आणि अंधारात जी टोळी पुढून गेली तिच्या मागं लागलो. चार फेऱ्या झाल्या, कुणी थांबेना. सहाव्या फेरीला बरगडीखाली कळ निघाली. मला वाटलं आज सगळ्यांना कुणीतरी शिक्षा केलेली दिसते. नवव्या फेरीला कडेला जाऊन वाकलो तेव्हा गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस शेजारी येऊन उभा राहिला.

"कोणत्या गावचा रं तू?"

"वडवणीचा, सर."

"भरतीवाला ना? मग इकडं काय करायलास?"

"चुकून आलो."

"उद्या पण चुकून ये."

क्लब क्लब म्हणायचो, पण त्याला पाटी नव्हती, पावती नव्हती, अध्यक्ष तर नव्हताच. सर दिवसा कुठल्याशा कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. सकाळी मात्र ते कुठल्याच कॉलेजचे नसायचे, येईल त्याचे असायचे. पोरांना नावानं कुणी हाक मारायचं नाही. प्रत्येकाचा तालुका हेच त्याचं नाव. भूम, परतूर, मंठा, कन्नड आणि मी वडवणी. औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे, आमच्या भाषेत बामूचे. सरांनी हजेरी घेतली की अर्ध्या मराठवाड्याचा नकाशा वाचल्यासारखं वाटायचं.

विद्यापीठ 1958 चं, म्हणजे परंपरा म्हणायला वर्षं भरपूर. पण आमच्या मैदानावरची परंपरा कपाटातल्या चषकांची नव्हती. जो सगळ्यांत चांगला पळायचा तो एका सकाळी यायचाच नाही. मग कळायचं, भरती झाला. वर्षाला एक-दोन हमखास. टीम बांधून होते न होते तोच तिचा खांब निघून जायचा. सर चिडायचे नाहीत. "पोटाला लागलं पोरगं," म्हणायचे आणि दुसऱ्याला त्याच्या जागी पुढं लावायचे. गेलेले सुट्टीवर आले की मात्र गावी जायच्या आधी मैदानावर यायचे, केस बारीक कापलेले, अंगात फौजी बनियन. आमच्यासोबत दहा किलोमीटर पळायचे आणि जाताना काहीतरी ठेवून जायचे. मोजे, ग्लुकोजचे पुडे, एकदा तर स्पाइक्सची आख्खी जोडी.

त्या जोडीबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. निळी, 9 नंबरची. तळव्याला सहा-सहा खिळ्यांची सोय, पण उजव्याला पाचच. सहाव्या भोकाचे आटे गेलेले, तिथं कुणीतरी एमसील भरून ठेवलं होतं. खिळे बदलायची चावी माझ्या आधीच्या कुठल्यातरी पिढीत हरवली होती, आमचं काम पकडीवर चालायचं. मातीला लांब खिळे, कडक जमिनीला आखूड. ज्याची शर्यत त्याच्या पायात ती जोडी. माझा पाय 7 नंबरचा, म्हणून पुढच्या टोकात कापूस कोंबावा लागे. पहिल्यांदा गावाकडून आणलेला कापूस तसाच भरला आणि दोन फेऱ्यांत अंगठा सोलून निघाला. सरकी काढायची राहिली होती.

आठवडा ठरलेला. सोमवारी गोगाबाबा टेकडी, वर पळत आणि खाली चालत. खाली पळालं की गुडघे जातात, हा सरांचा हुकूम. बुधवारी चारशेचे बारा, मध्ये दीड मिनिट दम. रविवारी लांब, लेण्यांच्या बाजूनं नाहीतर दौलताबादच्या रस्त्यानं, किल्ला दिसायला लागेपर्यंत. ट्रॅक मातीचा. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. सप्टेंबरातच मैदान भाजलेल्या विटेसारखं झालं आणि खोलीवर पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायला लागला. पळून आल्यावर अंघोळ करायची की दुसऱ्या दिवशीची बाटली भरून ठेवायची, हा खरा प्रश्न होता. पळणाऱ्याच्या आहाराबद्दल मोठमोठी माणसं बोलतात. आमचा आहार म्हणजे रात्री भिजत घातलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे आणि मेसच्या डब्यातल्या पोळ्या. मंठ्याच्या घरून भाकरी आणि ठेचा आला की त्या दिवशी आमची दिवाळी.

सरांकडं गोष्टी दोनच होत्या, त्या आलटून पालटून सांगायचे. पहिली इंग्लंडची. 6 मे 1954, ऑक्सफर्डचं इफली रोडचं मैदान. सामना ऑक्सफर्ड विद्यापीठाचा, आणि तिथूनच शिकून बाहेर पडलेला रॉजर बॅनिस्टर नावाचा डॉक्टरकीचा विद्यार्थी त्यात विरुद्ध बाजूनं पळाला. एक मैल, 3 मिनिटं 59.4 सेकंद. चार मिनिटांच्या आत मैल मारणारा जगातला पहिला माणूस. "आणि ट्रॅक कसला? कोळशाच्या राखेचा. आपला बरा!" हे सर न चुकता म्हणायचे. पण त्यांना सांगायचं असायचं ते पुढचं. पहिल्या दोन-अडीच फेऱ्या त्याचा मित्र ब्रॅशर यानं ओढल्या, मग दुसरा मित्र चॅटअवे पुढं आला, आणि शेवटच्या दोन-तीनशे मीटरला बॅनिस्टर सुटला. "नाव एकाचं झालं. पाठी दोघांच्या होत्या. पाठ द्यायला शिका, पाठ घ्यायला शिका." भूम हळूच म्हणायचा, "सर, आपल्यात पाठ देणारा नेमका भरती होऊन जातो."

दुसरी गोष्ट त्याच सप्टेंबरात तयार झाली. भुवनेश्वरला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 29.80 सेकंदांत मारली आणि गोपाळ सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 37 वर्षं टिकलेला विक्रम, आणि तो मोडला कुणी, तर बीड जिल्ह्यातल्या पोरानं. 28 अडथळे, 7 वेळा पाण्यावरून उडी. आमच्या मैदानावर त्या सकाळी भरतीवालेसुद्धा चार फेऱ्यांवर थांबले नाहीत. मला मात्र त्यातली एक गोष्ट टोचत राहिली. तोही बारावीनंतर सैन्यातच गेला, महार रेजिमेंटमध्ये, आणि पळायला लागला ते तिथल्या क्रॉस कंट्रीतून. म्हणजे आम्ही ज्या भरतीला टीम फोडणारी म्हणत होतो, तिनंच त्याला घडवलं होतं. सरांना हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "बरोबरे. मग काय, टीम बंद करायची?"

आता शर्यत. आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री, 10 किलोमीटर, यजमान जालना जिल्ह्यातलं एक कॉलेज. इथून सहा जणांची विद्यापीठाची टीम निघणार आणि ती आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार. वाट अशी, की कॉलेजच्या मैदानातून बाहेर, पाणंदीनं पुढं, कोरडा नाला ओलांडून नांगरलेल्या रानातून परत, असे दोन वळसे. वळणावळणाला पांढरी फक्की टाकलेली आणि एक-एक स्वयंसेवक उभा. छातीवर नंबर लावायला टाचण्या दोनच मिळाल्या, त्यामुळं कागद सगळ्या वाटेनं फडफडत होता.

पहिला वळसा बरा गेला. दुसऱ्यात मी आठवा असेन. पुढं सात जणांचा घोळका, त्यात भूम आणि परतूर, मग मधे थोडं अंतर, मग आम्ही. पाणंद जिथं फुटते तिथं उजवीकडं नाल्यात उतरायचं होतं. पण दोन वळशांच्या मधे तिथून बैलगाडी गेली असावी, शेळ्याही गेल्या असाव्यात. फक्की पुसट झालेली आणि तिथला स्वयंसेवक चहाला गेलेला. पुढचा घोळका सरळ गेला. मीही सरळच चाललो होतो. दम लागलेल्या माणसाला डोकं नसतं, त्याला फक्त पुढची पाठ दिसते. तेवढ्यात कापसाच्या रानातून, ओटी बांधून वेचणी करणाऱ्या एका म्हातारीनं आवाज दिला.

"ए लेकरा, चुना हिकडं पडलाय! तिकडं कुठं चाललास?"

मी थांबलो. खरंच, दहा पावलांवर उजवीकडं पांढरं दिसत होतं. पुढच्यांना हाक मारली, पण ते लांब गेले होते. उजवीकडं वळलो, माझ्या मागचे माझ्या मागं वळले, आणि नाला चढून वर आलो तर माझ्यापुढं कुणीच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी शर्यतीत पहिला होतो. रान रिकामं, वारा समोरून, आणि कुणाची पाठ नाही. इतकी भीती मला नंतर कधी वाटली नाही. शेवटच्या किलोमीटरला दोघं मला मागं टाकून गेले आणि मी तिसरा आलो. सरळ गेलेला घोळका बऱ्याच वेळानं, जास्तीचं अंतर पळून, लालबुंद चेहऱ्यांनी आला. भूम बारावा.

मग जे व्हायचं ते झालं. कॉलेजा-कॉलेजांचे शिक्षक टेबलाभोवती. एक म्हणे, वाट माहीत असणं ही पळणाऱ्याची जबाबदारी. दुसरा म्हणे, वळणावर माणूस नव्हता त्याची जबाबदारी कुणाची? दोघांचंही खरं होतं. मी मात्र एका झाडाखाली जाऊन तोवर अण्णांना फोन करून टाकला होता, "तिसरा आलो." ते तेव्हा फडावर होते. मागून टोळीतल्या माणसांचा कालवा ऐकू आला, कुणीतरी "पेढे!" म्हणून ओरडलं. तासाभरानं निकाल लागला. निवड नव्यानं, पुढच्या रविवारी, विद्यापीठाच्या मैदानावर. ट्रॅकवर 25 फेऱ्या.

मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. माझी काय चूक? चुना बघून वळलो ही? परतीच्या जीपमध्ये मी हे मोठ्यानं बोललो, भूमसमोरच बोललो. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिसरा नंबर घेऊन जाशील रे. पण तिथं वळणावर म्हातारी नसणार." मला त्या वेळी ते अजिबात आवडलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. नियमानं तो तिसरा नंबर माझाच होता.

शनिवारी रात्री भूम खोलीवर आला. त्यानं स्पाइक्स पुढं ठेवले. "तूच घाल. मला बिनखिळ्याचं चालतं." मग जरा वेळानं, "पहिल्या पंधरा फेऱ्या माझ्या पाठीला चिकट. पंच्याऐंशीनं नेतो. पुढचं तुझं तू बघ." भूम त्याच्या मनानं पळाला तर 80 च्या आत फेरी मारायचा. पंधरा फेऱ्या पंच्याऐंशीनं पळणं म्हणजे त्यानं स्वतःला बांधून घेणं होतं, आणि तेही ज्या पोरानं जीपमध्ये त्याच्या तोंडावर तसं बोलून दाखवलं त्याच्यासाठी. मी नुसतं "बरं" म्हणालो.

25 फेऱ्या पळणं हे पळणं कमी आणि मोजणं जास्त. पहिल्या पाच फुकटच्या. सहा ते दहा वाटतं, आज काही खरं नाही. त्यानंतर एक वेळ अशी येते की पाय कुणाचे आहेत ते कळत नाही. मला त्या पंधरा फेऱ्यांतलं आठवतं ते एवढंच, की भूमच्या बनियनवर मागं "बामू" छापलेलं होतं आणि त्यातल्या "मू"चा उकार उडालेला होता. दर फेरीला सरांचा आवाज. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. पंच्याऐंशी. शहाऐंशी, झोपला का रं? पंधरावी संपली, भूमनं मान वळवली, डोळ्यानंच "जातो" म्हणाला आणि सुटला. पुढच्या दहा फेऱ्यांत त्यानं सगळ्यांना गाठलं आणि पहिला आला.

माझ्या मात्र पाठी संपल्या. विसाव्या फेरीला मी आठवा होतो. मंठा पुढं कधीच निघून गेलेला. बाविसाव्याला सातवा. सहाव्या जागेवर होता कन्नड, माझा खोलीतला जोडीदार, एका ताटात जेवणारा. घंटा झाली, शेवटची फेरी. दोनशे मीटर उरले असताना मी त्याच्या बरोबरीला आलो. त्यानं बघितलं नाही, मीही नाही. शेवटी आमच्यात दोन सेकंदांचं अंतर पडलं. माझी वेळ 35 मिनिटं 41 सेकंद. सहावा. कन्नड सातवा, म्हणजे राखीव, म्हणजे घरी.

त्या रात्री खोलीत कुणी कुणाशी बोललं नाही. सकाळी उठलो तर त्यानं माझे स्पाइक्स पुसून, खिळे आवळून दारात ठेवले होते आणि स्वतः भरतीवाल्यांसोबत चार फेऱ्या मारायला गेला होता. पुढच्या वर्षी तो भरती झाला.

पात्रता अर्जाची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण आठवली की अजून डोकं फिरतं. बारावीची गुणपत्रिका, टीसी, फोटो, प्राचार्यांची सही, सगळं होतं. गोल शिक्का नव्हता. शिक्का ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली बाबूंकडं, बाबू लग्नाला. मी दोन दिवस कॉलेजच्या पायरीवर बसून काढले. तिसऱ्या दिवशी बाबू आले, शिक्का उचलला, "एवढ्यासाठी?" म्हणाले आणि ठप्प. एका सेकंदाचं काम. 10 किलोमीटर पळणं त्यापेक्षा सोपं, असं त्या क्षणी वाटलं.

देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादपर्यंत, तिथून पुढं आणखी दक्षिणेला. तिथं मंगळूरचे, रोहतकचे, पतियाळाचे पळणारे प्रत्यक्ष बघितले. अंग गरम करायला ते ज्या गतीनं पळत होते ती आमची शर्यतीची गती होती. क्रॉस कंट्रीत संघाचा हिशोब उलटा असतो. सगळ्यांचे नंबर मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो वर. त्या शर्यतीत चौघांचे धरायचे होते. मी सहावा म्हणून गेलेलो, माझा नंबर धरला जायचं काही कारण नव्हतं. पण परतूरला रात्रीचं जेवण बाधलं आणि मंठ्याचा पाय दुसऱ्या वळशात मुरगळला. मी आमच्यात चौथा आलो, आणि माझे 158 त्या बेरजेत जाऊन बसले. भूम 61 वा आला. तो बोर्डासमोर उभा राहून बराच वेळ बेरीज करत होता.

रात्री अण्णांचा फोन आला. तिसऱ्याचा सहावा झाला हे त्यांनी टोळीला आधीच सांगितलं होतं आणि त्यावरून त्यांची थोडी थट्टाही झाली होती.

"कितवा आलास?"

"एकशे अठ्ठावन्नावा."

पलीकडं कोपीत चूल पेटलेली असावी, काहीतरी तडतडत होतं.

"किती पळत व्हते?"

"पावणेतीनशे."

अण्णा हिशोबाला पक्के. मुकादमाची उचल त्यांनी कधी कागदावर मांडली नाही.

"म्हंजी शंभराच्या वर तुझ्या माघं व्हते."

"हो."

"मंग तसंच सांगतो सगळ्यास्नी. बरं ठिवतो, ट्रॅक्टर आलाय, मोळ्या भरायच्यात."